उभी मोटार ओरडते कावून?

मंडळी, मी तुमचा मिस्त्रीकाका, आज सकाळची आपल्या मोटार स्टँडवरची गोष्ट फळ्यावर लिहितो. सगळ्यांनी वाचा.

राजापेठेतल्या डॉक्टरसाहेबांची दोन सीटची विलायती मोटार उभ्या उभ्याच बोंबलू लागली, इंजिन भरधाव फिरत होतं. साहेब ड्रायव्हरवर उखडले, "नामदेव, तूच इंजिनाचा पेच फिरवला! उद्यापासून येऊ नको."

नामदेव रडकुंडीला आला. "काका, म्या हातबी नाई लावला!"

मलेही त्याचंच काम वाटलं. उभ्या गाडीच्या इंजिनाची गती ठरवणारा तो पेच तपासला, तर जागेवर. मग आत डोकावलो. इंजिनाची गती वाढवायच्या मुठीला साहेबांनीच औषधाची बॅग अडकवलेली. वजनानं मूठ बाहेर ओढली गेली होती. बॅग काढून मूठ आत ढकलली, इंजिन गपगार.

साहेब हसले, नामदेवला घेऊन निघून गेले.

नामदेव, माझं चुकलं बाबा. अन् बाकीच्यांनो, साहेब त्याच्यावर उखडले तेव्हा तुमीबी माना डोलावल्या होत्या ना?