झेंडूच्या देठातला धूर

शिवगंगानं लातूरच्या एका कॉलेजात सहा वर्षं मायक्रोस्कोप पुसले, पोरांसाठी लावून दिले. स्वतःच्या गरजेपायी त्यात डोळा घातला तो एकदाच, बापावर आळ आला तेव्हा.

साल श्याऐंशी. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. नवनव्या कचेऱ्या उघडत होत्या, फक्त पावसाला यायला सवड नव्हती. तिचे वडील मडिवाळप्पा अशाच एका कचेरीत माळी होते. पंधरा ऑगस्टला दारात मांडायच्या झेंडूच्या साठ कुंड्या त्यांच्याकडे होत्या आणि त्या कुंड्यांसाठी टँकरमधून रोज चार घागरी पाणी मिळे. ऑगस्ट उजाडला आणि झाडांनी एकामागून एक माना टाकल्या. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय!

"पाणी घरी नेऊ लागलात तुम्ही," हेडक्लार्क व्यंकटराव म्हणाले. "सोमवारपासून येऊ नका."

घागरीवरून डोकी फुटण्याचे ते दिवस. पाणीचोर म्हटल्यावर गल्लीत तोंड दाखवायची सोय उरत नाही. मडिवाळप्पा जेवले नाहीत. शिवगंगाचा मात्र संताप संताप झाला.

"अप्पा, कुंडीतली माती कोरडी हाय का?"

"न्हाई गं. लई वली हाय."

माती ओली आणि झाड सुकलेलं! मागच्या साली कॉलेजातल्या मॅडमनी वांग्याचं असंच एक रोप पोरांना दाखवलं होतं. शिवगंगा ताडकन उठली.

सकाळी मॅडमची परवानगी काढून तिनं कचेरीतून आणलेल्या सुकल्या झेंडूच्या देठाचा पातळ काप घेतला, पाण्याच्या थेंबात ठेवला, वर काच टेकवली. आधी काहीच दिसेना. मग देठातल्या बारीक नळ्यांच्या तोंडातून चुलीच्या धुरासारखा पांढुरका लोट निघाला आणि पाण्यात पसरत गेला. वांग्याच्या रोपात मॅडमनी दाखवले होते तसेच जंतू, लाखोंनी! निरोगी झाडाचा काप लावला, तर पाणी नितळ. पुन्हा आजारी लावला, पुन्हा धूर. इतका आनंद तिला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

तिनं व्यंकटरावांना आणि अप्पांना बोलावूनच आणलं. व्यंकटरावांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या, मग मात्र तो धूर दिसला.

"नळ्या तुंबल्यात साहेब. पाणी वर चढंनाच," शिवगंगा म्हणाली.

"पण एवढ्या कुंड्यांत हे गेलं कसं?"

मडिवाळप्पा हौसेनं सांगू लागले. प्रत्येक कुंडीखाली त्यांनी डालड्याच्या डब्याचं झाकण ठेवलं होतं. एकीखाली निथळलेलं पाणी ते दुसरीला घालत. "थेंब वाया जाऊ दिला न्हाई म्या."

शिवगंगाला सगळा उलगडा झाला. आता सांगावं तरी कसं? पण तिनं सांगितलं.

"अप्पा, त्याच पाण्यातून जंतू गेले."

मडिवाळप्पांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही.

"म्हणजे दोष तुमचाच की," व्यंकटराव म्हणाले.

"हाव, माझाच," मडिवाळप्पा ताठ उभे राहिले. "झाडं म्याच मारली, तसं लिवा. पण पाणी चोरलं न्हाई, ते आधी लिवा."