मोरीचं कालवण आणि मंत्रिमहोदय

लांबच्या एका देशात लोकांना निर्धास्त पोहता यावं म्हणून सरकार समुद्रात आमिष लावलेले गळ टाकून शार्क मारतं. ‘मारतं’ हा शब्द अर्थात माझा. सरकारच्या भाषेत ते ‘व्यवस्थापन’ आहे. इथे आखातात, आमच्या मुलीच्या ऊद मेथातल्या शाळेत या विषयावर लुटुपुटूची सुनावणी होती. वर्गातलाच एक मुलगा मंत्री, आणि प्रश्न विचारायचे हिने. मंत्र्याकडून सरळ उत्तर निघालं नाही, तर ही हरली.

म्हणून आदल्या संध्याकाळी घरी सराव. मंत्री झाला माझा नवरा. त्याला तयारीची गरज नव्हती. तो मरीनातल्या एका टॉवरमध्ये भाडेकरूंच्या तक्रारी ऐकतो. एसी कधी दुरुस्त होणार, याचं उत्तर न देण्याचा त्याला पगार मिळतो.

“हू डिसायडेड धिस, मिनिस्टर?”

“कमिटीने.”

“हू इज ऑन द कमिटी?”

“मॅडम, तुमच्या भावनांचा आम्ही आदर करतो. चौकशी चालू आहे. इन्शाल्ला, लवकरच अहवाल येईल.”

“पप्पा, दॅट्स नॉट अ‍ॅन आन्सर!”

“यालाच उत्तर म्हणतात, बाय.”

रडकुंडीला येऊन तिने माझ्याकडे मोर्चा वळवला. गॅसवर नवऱ्याच्या आवडीचं मोरीचं कालवण उकळत होतं. मोरी म्हणजे लहान शार्क. आमच्यासारख्या मूळ वसईच्या घरात हे पोरांनाही माहीत असतं, आणि गेल्या महिन्यापर्यंत ही ताट चाटून खात होती.

“मम्मा, हू किल्ड दॅट वन?”

“मी कुठे मारली? बाजारात मेलेलीच मिळाली.”

“वा! माझं खातं तुलाच देऊन टाकतो,” नवरा म्हणाला.

मुलगी काहीच बोलली नाही. नुसती बघत बसली. मी पळी फिरवली, मीठ चाखलं, गॅस बारीक केला. ती बघतच होती.

“बरं, मी मागवली,” शेवटी मी म्हणाले. “मासेवाल्याला सांगून ठेवलं होतं. माझ्यासाठीच मारली असं समज. पप्पाला आवडते म्हणून.”

“थँक यू,” ती म्हणाली आणि डाळ मागितली. डाळ नव्हती. अंडं तळून दिलं. मोरीचं व्यवस्थापन आम्ही दोघांनी केलं.

दुसऱ्या दिवशी ती जिंकून आली. मंत्र्याने ‘अहवाल येईल’ म्हटल्यावर ही एक शब्द न बोलता त्याच्याकडे बघत उभी राहिली. शेवटी त्या पोराने घाम पुसत कबूल केलं, आदेशावर सही माझीच आहे.

“द रियल वन विल ऑल्सो टेल, नो?” तिने विचारलं.

“इन्शाल्ला,” मी म्हणाले.