मामांनी माझी बाज गाडीत चढवली

आमच्या मामांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या मामांनी, सत्तर वर्षांत एक खिळासुद्धा नवा विकत घेतलेला नाही, आणि ह्यात मी काडीचंही वाढवून सांगत नाही. खिळा लागला की मामा उठणार, खिशात पक्कड टाकणार, आणि कुठल्यातरी पडक्या गोठ्याच्या दारातून एक गंजका, वाकडा खिळा उपटून आणणार. मग तो जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवून हातोडीने सरळ करत बसणार अर्धा अर्धा तास, आणि सरळ झाला की त्याच्यावर फुंकर मारून मला दाखवणार, "बघ गो बाय, नव्या खिळ्याला काय अक्कल असते? ह्याने चाळीस पावसाळे बघितलेन." त्यांच्या घरामागच्या परड्यात पाय ठेवायला जागा नाही. पाण्याचे पाइप, सायकलींच्या कड्या, शाळेची मोडकी बाकं, एक अर्धी होडी. होडी म्हणजे खरंच अर्धी, बुरोंडीहून कुणाच्यातरी टेम्पोत घालून आणलेली, आणि का आणलीत म्हणून विचारलं तर म्हणतात, "उरलेली अर्धी त्यांनी दिली नाय."

मी लग्न होऊन आले तेव्हा मला ह्या माणसाची भीतीच वाटायची. आपण पुढ्यात उभं राहिलो की मामा आपल्याकडे बघतच नाहीत, आपल्यामागच्या भिंतीत कसली फळी आहे ते बघतात. लाकूड दिसलं की आधी वास घेतात, मग बोटाने टकटक करतात, मग कान लावतात. कान तर त्यांचे कधीचे गेलेत, पण लाकडाचं ऐकू येतं म्हणतात, माणसांचंच येत नाही. आणि टेप कधी लावायची नाही. सगळं माप अंगाने. "ही फळी माझ्या छातीएवढी, ती माझ्या मांडीएवढी," असं चाललेलं असतं, आणि मध्येच चक्क जमिनीवर आडवे होऊन बघतात की बसतंय का बरोबर. मुलगा एकच, तो विरारला. गणपतीत येतो, आला तर. म्हणून मामा जेवायला बरेचदा आमच्याकडेच.

तर गाडीची गोष्ट अशी. आमचे हे मुंबईला एका गोडाऊनमध्ये कामाला होते. पोरगी झाली तेव्हा आले, आणि तिने ह्यांचं बोट जे धरलंन ते ह्यांना सोडवेना. मुंबईची नोकरी सोडलीनी, होते नव्हते ते पैसे घालून एक जुनी पिकअप घेतलीनी. मला म्हणाले, आता इथेच राहायचं. मला इतका आनंद झाला की मला रडूच आलं, आणि मग गाडी दारात आली आणि ती बघून मला परत रडू आलं. हौद्याच्या तळाला भोकं, इतकी की खालची माती दिसायची. मागचा फाळका दोरीने बांधलेला. वर ताडपत्री नाही, ताडपत्री टाकायला कमानी नाहीत. आणि ह्या गाडीतून आमचे हे घाट उतरणार होते.

त्यात मालगुंडच्या एका बागवाल्यांनी गुरुवारी बोलावलं. त्यांना रोज पिकलेला, तयार आंबा रत्नागिरीच्या दुकानांत पोचवायला माणूस हवा होता. आधीच्या गाडीवाल्याने सगळा आंबा ठेचून नेलान म्हणून ते आधीच तापलेले. ह्यांना म्हणाले, "तयार आंबा बाळंतिणीसारखा असतो, त्याला धक्का सहन होत नाही. सोमवारी ये. एका फळावर जरी डाग पडला तर मी दुसरी गाडी बघेन." हे घरी आले, पोरीला मांडीवर घेतलंनी आणि खाली बघूनच बोलले, "हे काम नाही झालं तर गाडी विकून टाकू. मी परत जाईन मुंबईला." मी उठले. भात वाढला. मामा पानावर बसले होते, त्यांना ह्यातलं काही ऐकू गेलं असेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्यांचा हात भातातच थांबला, आणि ते ह्यांना म्हणाले, "बाळंतिणीसारखा म्हणाला काय तो?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मामा हजर. गाडी बांधायला घरात काही शिल्लक नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना त्याचं काही नव्हतंच, त्यांना उलट आनंद झालेला. होडीच्या फळ्या निघाल्या आणि हौद्याच्या तळाला बसल्या. पाण्याचे पाइप दोन आंब्यांच्या झाडांमध्ये अडकवून वाकवलेनी आणि त्यांच्या कमानी झाल्या. ताडपत्री पाहिजे म्हटल्यावर तासभर गायब, आणि आले ते खांद्यावर कुणातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फाटका बॅनर घेऊन. बॅनरवर तो पुढारी एवढा मोठा, हात जोडून हसतोय. हे म्हणाले, "मामा, हे रस्त्याने नेलं तर लोक काय म्हणतील?" तर मामा म्हणाले, "तोंड आतल्या बाजूला करू. आंब्यांना जोडू दे हात." आणि खरंच तसाच लावलानी. आजही तुम्ही आमच्या गाडीच्या हौद्यात वाकून बघितलंत तर वरून तो माणूस तुम्हाला नमस्कार करतो.

शनिवारी दुपारी मी पडवीत पोरीला पाजत होते. मामा दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या मागे बघायला लागले. मागे माझी बाज होती. बाळंतपणात मी जिच्यावर निजले ती, माझ्या आईने माहेराहून पाठवलेली. तिच्याखाली शेगडी ठेवून मला शेक दिलेला. पोरगी पहिले तीन महिने माझ्या कुशीत तिच्यावरच. मामा पुढे आले, बाजेच्या पायाचा वास घेतलानी, टकटक केलीनी.

मी म्हटलं, "मामा, नाही हां."

"मी काय बोललो गो?"

"तुम्ही बोललात नाही, पण मला कळलं."

"अगो, त्या बागवाल्यानेच सांगितलान ना, आंबा बाळंतीण हाय म्हणून. मग बाळंतिणीला फळीवर निजवतात काय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांना आधी हसू आलं, आणि मग हसता हसता ते थांबले आणि म्हणाले, "त्यात तसं खोटं काही नाही पण." मामांचं डोकं असं की खाली फळीवर कच्च्या आंब्याचे क्रेट ठेवायचे, आणि वर, कमानींना बांधून, बाजेचा माळा करायचा, आणि पिकलेला आंबा त्या बाजेवर एकाच थरात निजवायचा, म्हणजे त्याच्यावर वजन नको आणि खालचा दणका नको. बाज काढताना मला कसंतरीच झालं. आई काय म्हणेल, आणि बाळंतिणीची बाज अशी गाडीत बांधणं बरं का वाईट, कुणाला विचारू. मी पोरीला घट्ट धरून उभी. मामांनी बाज उचललीनी ती मात्र अशी, जसं कोणी तिच्यावर झोपलेलंच आहे.

आता माळा झाला, पण आंबे कुठे होते तपासायला? मामा म्हणाले, "मी होतो आंबा." आणि चढले वर, आणि बाजेवर उताणे निजले. पाय मागून गुडघ्यापर्यंत बाहेर. अंगावर धूळ येऊ नये म्हणून मी एक चादर टाकली. तीच चूक झाली. हे गाडी हळूहळू वाडीच्या रस्त्याने घेऊन निघाले, मी पोरीला कडेवर घेऊन मागून चालतेय, तोंड माझं भीतीने उतरलेलं, कारण मला वाटत होतं की माळा कोसळणार आणि मामा खाली येणार. लोकांनी काय बघितलं? पुढून हळूहळू गाडी, गाडीत बाजेवर चादर घातलेला माणूस, बाहेर दोन पाय, आणि मागून रडवेली सून. शेजारच्या काकी अंगणात भांडी घासत होत्या, त्या उठल्याच. "अगो, कधी गेले?" म्हणून हात जोडलेनी. मी म्हणतेय, "काकी, नाही नाही, आंबा आहे तो," आणि त्यांना वाटलं मला धक्काच बसलाय, त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. आणखी दोन बायका आल्या. एकीने डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात खड्डा आला, गाडी आपटली, आणि चादरीतून मामा उठून बसले आणि ओरडले, "कमरेला लागतंय रे! सुंभ ढिला पडला!" काकी हातातला तांब्या टाकून पळाल्या त्या थेट घरात. मामा त्यांच्या दाराकडे बघून म्हणतात, "मेलो नाय गो अजून! आंबा झालोय!"

हसून हसून ह्यांनी गाडी बंद केलीनी. मलाही हसू आलं, पहिल्यांदा त्या तीन दिवसांत. पण बाज विणलेला काथ्याचा सुंभ खरंच ताणून खाली आलेला, मधोमध झोळ पडलेला. म्हणजे सगळे आंबे घरंगळत मधे येणार आणि एकमेकांना ठेचणार. हे चाकाला टेकून बसले ते बसलेच. उद्याचा एकच दिवस हातात. मामा खाली उतरले. घरी गेले, परड्यातून ट्रकच्या जुन्या ट्यूबा काढल्यानी, आणि रविवारी सकाळपासून माझ्या भाकऱ्या थापायच्या पाटावर बसून त्यांच्या पट्ट्या कापायला लागले. मी विचारलं, "मामा, मी करू?" तर म्हणाले, "विणायला ये." मी आठवी शिकलेली, मला गाडीतलं काय कळणार, पण बाज विणणं मला येतं, आईबरोबर विणलेली आहे. ते पट्टी ताणून धरायचे आणि मी विणायची. रबर हाताला चिकटतं, बोटं काळी झाली. पोरगी मधे मधे रांगत येऊन ट्यूबा तोंडात घालत होती. एकदा विणून झालं तर मामा म्हणाले, "उकल. हे तू घाबरून विणलंस." मला कळलं नाही आधी. मग बघितलं, तर खरंच, सुरुवातीचा भाग इतका ताठ विणलेला की टाकलेला आंबा चेंडूसारखा उडाला असता. उकललं. परत विणलं. संध्याकाळी मामांनी पोरीला उचलून त्या बाजेवर ठेवलंनी, ह्यांनी गाडी अंगणातल्या अंगणात पुढेमागे केलीनी, मी दोन्ही हात खाली धरून चालतेय. पोरगी टुकूटुकू त्या हात जोडलेल्या पुढाऱ्याकडे बघत राहिली आणि हसली. मामा म्हणाले, "डाग नाय पडला."

सोमवारी सकाळी गाडी निघायच्या आधी मामांनी नारळ आणलानी. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकाने मोठ्याने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. आता म्हणायला होतं कोण? सासरे नाहीत. वाडीतले पुरुष एकतर मुंबईला, नाहीतर काजू काढायला गेलेले. आणि हे गाडीत बसून, कारण गाडी सुरू झाली होती आणि बंद पडली तर परत ढकलायला माणसं नव्हती. बायका गाऱ्हाण्याला हुंकार देत नाहीत, निदान मी तरी कधी दिला नव्हता. मामा गाडीसमोर उभे राहिले, डोळे मिटलेनी, आणि सुरू केलंनी.

"देवा महाराजा, तुझ्या पायाशी ही गाडी आज उभी केली हाय."

आणि थांबले. इंजिनाची घरघर तेवढी. मामा डोळे मिटूनच थांबलेले. मी इकडे तिकडे बघितलं. मग म्हटलं, "होय महाराजा."

"मोठ्यान बोल गो. देवाचं वय माझ्याहून जास्त हाय."

"होय महाराजा!"

"हिच्या तळाला होडीची फळी हाय. तिला पाण्याची सवय, रस्त्याची नाय. तिला सांभाळून घे."

"होय महाराजा!"

"हिच्या कमानी पाण्याच्या पाइपाच्या. आता वाकल्यात, आणि वाकायला लावू नको."

एकेका खिळ्याचं मागत होते. कुठल्या गोठ्याचा, कुठल्या खिडकीचा. एरवी मी हसले असते. पण मला काय झालं होतं माहीत नाही, मी दर वेळी जास्त जोरात म्हणत होते, आणि पोरगी माझ्या कडेवर अंग उडवत होती.

"वर बाज हाय. हिच्यावर ही माय आणि हे लेकरू सुखरूप उठलं. तशीच आंब्याची रास सुखरूप उठू दे."

"होय महाराजा."

"आणि हा पोरगा आज जातोय तो घाट उतरून जातोय. संध्याकाळी दिवेलागणीला त्याला त्याच्या दारात आण. आज आण, उद्या आण, रोज आण. त्याला लांब पाठवू नको."

मला होय महाराजा म्हणताच येईना. मामा थांबून राहिले. डोळे उघडले नाहीत, पुढे गेले नाहीत, तसेच उभे. मी म्हटलं शेवटी. कसं म्हटलं मला आठवत नाही.

दुपारी ह्यांचा फोन आला. बागवाल्यांनी हौद्यात वाकून बघितलं आणि विचारलं, "ही बाज कुणाची?" ह्यांनी सांगितलं, बायकोची. दुकानात आंबा उतरवला तर डाग नव्हता. "उद्या परत बोलावलंनी," हे म्हणाले, आणि मग फोन दोघांनी नुसता कानाला लावून ठेवला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. आंब्याचा दुसरा हंगाम सुरू झालाय. हे रोज दिवे लागायच्या सुमाराला येतात, थोडा उशीर झाला तर मी अजूनही रस्त्यावर जाऊन उभी राहते. मामा थकलेत. परड्यात बसून असतात, खिळे सरळ करतात, पण आता एका खिळ्याला सकाळ जाते. परवा जेवण घेऊन गेले तेव्हा मी विचारलंच, "मामा, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांचं मागितलंत, खिळ्यांचंसुद्धा. तुमच्या मुलाचं का नाही मागितलंत?" त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं. मग म्हणाले, "तो येतो गो गणपतीत." मी म्हटलं, "गेल्या गणपतीत आले नव्हते." मामा हातातल्या खिळ्यावर फुंकर मारत राहिले.

तेव्हापासून सकाळी गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की मी अंगणात उभी राहून हळूच त्या मुलाचं नाव घेते. मला गाऱ्हाणं नीट घालता येत नाही, शब्द माहीत नाहीत, नुसतं सांगते की ह्यालाही आण, एकदा तरी आण, लवकर आण. होय महाराजा म्हणायला तेव्हा कुणी नसतं. पोरगी असते कडेवर. ती हल्ली कशालाही "हो" म्हणते. ते देव धरतो की नाही, कुणास ठाऊक.