नुसतं बघून आलेल्या गाठी

मैत्रिणींनो, आज सकाळी माहुलच्या कोळीवाड्यात कमालच झाली!

दिराचं जाळं फाटलं होतं. मी सहज सुई घेतली आणि बोटं भराभर गाठी मारायला लागली! जन्मात जाळं विणलेलं नाही मी. सत्तरच्या दशकात नवी सून होते, तेव्हा सासूबाई जाळं विणताना म्हणायच्या, "तुला जमायचं नाही, नुसतं बघ." मग रोज समोर बसून बघायचे.

इतक्यात जाऊ ओरडली, "अगं, डाव्या हाताने काय विणतेस?"

मी सगळं उजव्या हाताने करते! मग उमगलं. समोरून बघताना सासूबाईंचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला असायचा ना!

तुमचेही हात असं काही गुपचूप शिकलेत का गं?

सासूबाई, शपथ सांगते, मी नुसतंच बघितलं होतं!