किती वाजता, गुरुजी?

कोणी कोठे आहे असे विचारले, की तो आधी विचारी, "किती वाजता?" त्यामुळे चिंचवडच्या आमच्या प्रौढ वर्गात त्याचे नावच 'कितीवाजता' पडले. तो चांद्याकडच्या जंगलातला. कासारवाडीला खोली करून राहणारा, कारखान्यात हेल्पर. हेल्परांना कायम पहिली पाळी असे. ती सुटल्यावर चार वाजता आमचा वर्ग भरे. चौथीचे प्रमाणपत्र मिळाले, की त्याला यंत्रावर घेणार होते.

एकदा मी शिकवले, "अस्वल गुहेत राहते."

तो उठला. "किती वाजता जी, गुरुजी?"

"आरं, अस्वलाला बी शिफ्ट लावली का राव?" रहाटणीचा एक गडी मागून ओरडला. वर्ग हसला. मीही हसलो.

तो मात्र गंभीरपणे सांगू लागला. उन्हाच्या वेळी अस्वल खडकाच्या कपारीत पडून असते. दिवस कलला की वारुळे उकरायला माळावर उतरते. मोह गळू लागला की पहाटे त्या झाडांखाली सापडते. "अन् बाया मोह येचाले लवकर आल्या, तं ते त्याहून लवकर येऊन जाते. नुसती जागा पाठ करून काय होते, गुरुजी? येळ पाठ पायजे."

परीक्षेत मी तोच प्रश्न घातला : अस्वल कोठे राहते? गुण एक. त्याने अर्धे पान लिहिले होते. त्यात वेळा होत्या, जागा होत्या, 'गुहा' हा शब्द तेवढा नव्हता. मी लाल पेन्सिलीने शून्य दिले आणि समासात लिहिले, 'उत्तर एका वाक्यात लिहावे.' त्या अर्ध्या पानात एकही विधान चुकीचे नव्हते, हे मला शून्य काढतानाच ठाऊक होते.

तो एका गुणाने नापास झाला. निकाल पाहून एवढेच म्हणाला, "गुहेत लिवाले पायजे होतं जी."

ते वाक्य मला सोसवेना. क्षमा मागायला मी त्याच्या खोलीवर गेलो. दाराला कुलूप होते. शेजारीण म्हणाली, "गुरुजी, सकाळच्या धाला कसं घावतील? पहिली पाळी न्हाई का त्यांची?"

"अरेरे, विसरलोच," मी म्हणालो.

पुन्हा जाण्याचा धीर होईपर्यंत तो नोकरी सोडून गावी परतला होता.

शेजारणीला मी सांगितले ते खरे नव्हते. दहा वाजता तो कोठे असतो, हे मला पाठ होते.