मांडीवर वळलेली लोकर

लीनाच्या उजव्या मांडीवर साठ वर्षांत एक केस उगवला नाही. उगवणार कसा? डोंगरी शेळीची लोकर आणि सेडर झाडाच्या सालीचे तंतू उघड्या मांडीवर वळूनच आमच्या शालींचं सूत होतं, आणि दूर उत्तरेकडच्या चिल्कट नदीकाठी लीनाएवढं सूत दुसऱ्या कुणी वळलेलं नाही. आता मात्र ती थकली होती. बोटं आखडायची, गुडघा एकदा बसला की उठायचं नाव घेत नसे. भाऊ एल्मर गेल्यापासून तर सकाळ झाली की तिला वैताग यायचा.

एल्मर या रानटी शेळ्यांचा शिकारी. लोकरीची कातडी तोच आणून द्यायचा. जाताना सांगून गेला, "ताई, मला वर्ष होईल त्या जेवणाला तुझी शाल काप. माझ्यासाठी रडलेल्या सगळ्यांना तुकडा मिळू दे."

आमच्यात बहीणभाऊ एका कुळाचे, बायको समोरच्या कुळाची. मेलेल्याच्या कुळाने वाढायचं, समोरच्यांनी घ्यायचं. घरच्यांना चिंधीसुद्धा नाही. लीनाला ही रीत पाठ होती. तरी आपल्याच हातचं विणलेलं कापायचं म्हटल्यावर तिचा जीव तुटायचा.

त्यात जुलैत लोकर संपली. शालीची झालर बाकी, जेवण ऑक्टोबरात. शेवटी ती स्वतःच कड्याखाली गेली. उन्हाळ्यात शेळ्यांची लोकर गळून झुडपांना अडकते, ती वेचायची. सोबतीला एल्मरची बायको आयडा होती. पण पाजणाऱ्या शेळीची लोकर सगळ्यांत उशिरा गळते, आणि अशीच एक नेमकी लोकरीने भरल्या झुडपाला रेलून बसली होती. अंगावरची लोकर फाटक्या गादीसारखी लोंबत होती आणि करडू तिच्या पाठीवर नाचत होतं.

"हाकल की तिला," लीना म्हणाली.

"वन्सं, सकाळपासून तुम्हालाच तीनदा उठवलंय. आता माझ्यात जोर नाही."

लीनाला कितीतरी दिवसांनी हसू आलं. "राहू दे. तीही दमलीय गं."

दोघी दुपारपर्यंत खडकावर बसून राहिल्या. शेळी आपल्या मर्जीने उठली, अंग घासून कडा चढून गेली. झुडपावरून अर्धी पिशवी निघाली.

जेवणाच्या तीन दिवस आधी झालर पुरी झाली. जेवणाच्या दिवशी शाल कुळातल्याच एका भाच्याच्या पाठीवर एकदाच नाचली. मग कात्री आली, ती लीनाने दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिली नाही. वीण घट्ट होती, प्रत्येक तुकड्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. नावं पुकारली जात होती, तुकडे जात होते. शेवटचा, झालरीचा, आयडाला गेला. लीना येऊन बाकावर बसली.

आयडा आपल्या लोकांतून उठली आणि तिच्याशेजारी येऊन बसली.

"हा तुम्हाला देता येत नाही मला, वन्सं."

"माहितीय गं. मागतंय कोण?"

"जरा वेळ ठेवायला तर कुणाची बंदी नाही ना?" असं म्हणून आयडाने तो तुकडा लीनाच्या उजव्या मांडीवर ठेवला.

लीनाने त्यावर तळहात ठेवला आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळेपणी रडली.