कणभर आणि घरचा पियानो

त्याला सगळे कणभर म्हणत. पियानो सुरात लावणं हा त्याचा धंदा, आणि तार ताणताना तोंडात एकच जप: "कणभर वर. अजून कणभर." बायकोने चहात साखर किती विचारलं तरी उत्तर तेच.

आता या धंद्यातली गोम ऐका. सा आणि ग अगदी शुद्ध जुळवले, तर दोन्ही मिळून एकच स्वर वाटतो, जरासुद्धा थरथरत नाही. पण असा पियानो एकाच पट्टीत गोड लागतो. पट्टी बदलली की लांडग्यासारखा विव्हळतो. म्हणून सगळे ग मुद्दाम कणभर चढे ठेवतात. कुठलीच पट्टी फार गोड नाही, कुठलीच असह्य नाही. कणभर गेली सव्वीस वर्षं शहरभरचे पियानो असे इमानेइतबारे बिघडवत होता, आणि लोक म्हणत, वा, काय सुरात लावलाय!

घरचा पियानो मात्र त्याने शुद्ध लावला होता. बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेला, एक पाय लाकडी ठोकळ्यावर. पांढरी एकची पट्टी तेवढी सांभाळली, बाकीच्या गेल्या खड्ड्यात. "दिवसभर खोटं करून येतो, घरी तरी खरं ऐकू दे," असं त्याचं म्हणणं. बायको औषधांच्या दुकानात कामाला. ती म्हणाली, "अहो, पोरीला याच्यावर कुठे शिकवताय? बाहेर तिचं कसं व्हायचं?" कणभरने ऐकलं नाही. एवढे तयार कान, पण घरात या माणसाने कधी कुणाचं ऐकलं असेल तर शपथ!

पोर बारा वर्षांची झाली आणि तिने गायनवृंदात जायचं डोक्यात घेतलं. जेवताना तेच, झोपताना तेच. निवडीच्या आदल्या दिवशी सभागृहाचा पियानो कणभरनेच लावला. पोरीसाठी म्हणून तीनदा तपासला.

दुसऱ्या दिवशी वृंदाच्या बाईंनी सूर दिला. पोर दोन ओळी गायली आणि थांबली.

"काय झालं?"

"बाई, पियानो बेसूर आहे. ग चढलाय."

कणभर मागच्या खुर्चीवर होता. बाई वळल्या. "ऐकलंत? तुमचीच मुलगी. ती चुकतेय की पियानो?"

पोर चुकतेय म्हणावं तर ती खोटी पडते, पियानो म्हणावं तर धंदा बुडतो. कणभर उठून उभा राहिला. "ती बरोबर आहे," तो म्हणाला. "ग चढाच आहे. मीच चढवलाय."

बाईंना वाटलं, बापाची माया, दुसरं काय! "पियानोबरोबर गाता येत नसेल तर मी काय करू? एक जागा महिनाभर ठेवते," त्या म्हणाल्या. बाई काही वाईट नव्हत्या.

वाटेत पोरीने विचारलं, "बाबा, सगळीकडचा ग असाच असतो?"

"असाच."

"मग घरचाही तसा लाव."

"अगं, पण तुझा कान..."

"कान राहू दे. मला वृंदात जायचंय."

रविवारी दिवसभर बसून त्याने लावला. एकेक ग चढवताना आपण पोरीला फसवतोय असं वाटून त्याचा जीव तुटत होता.

"कसा वाटतोय?" त्याने विचारलं.

"घाणेरडा," पोर म्हणाली, आणि गायला बसली. रोज दोन तास.

महिन्याने तिची निवड झाली. धावत घरी आली, चपलाही न काढता पियानो उघडला आणि सा-ग एकदम वाजवले.

"बाबा, तू परत नीट केलास ना? किती गोड लागतोय!"

त्या रविवारनंतर त्याने तारा ताणायची किल्ली पियानोला लावलीच नव्हती.

"केला," तो म्हणाला, आणि आत जाऊन बराच वेळ रडला.